स्पीकरसाठी लगीन

धर्मा ठाकूर सुरमईला मसाला लावत होता तेव्हा रजिस्टर टपाल आलं. हात मसाल्याचे म्हणून त्याने ते मुलीकडून फोडून घेतलं. चूक तिथेच झाली. स्वतः फोडलं असतं, तर इंग्रजीत आहे हे बघून त्याने ते फडताळात गणपतीमागे सरकवलं असतं आणि ही गोष्ट इथेच आटपली असती. पण अमिषा अलिबागला वकिलीच्या पहिल्या वर्षाला होती. शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

"पप्पा, आपल्या गाण्यांबद्दल आहे. धंद्याच्या जागी लोकांना गाणी ऐकवायची, तर ज्यांची गाणी आहेत त्यांचा परवाना लागतो. त्यांचा माणूस कधीही बघायला येईल."

"धंद्याची जागा? पाटीवर काय लिवलंय? 'मैना घरगुती खानावळ'. घरगुती! मी माझ्या घरात गानी ऐकतो. लोकं मधी येऊन जेवतात."

"रोज साठ लोक?"

"पावनं."

"पाहुण्यांना मेनूकार्ड देतात?"

धर्माने सुरमई उलटी केली.

"काढून टाका ना परवाना. ऑनलाइन फॉर्म आहे. हे बघा, जागेचं क्षेत्रफळ, खुर्च्यांची संख्या..."

इथे धर्माचा हात थांबला. काशीदच्या किनाऱ्यावरची त्याची पडवी गेली सहा वर्षं दर दिवाळीला एक खांब अशा चालीने समुद्राकडे निघाली होती. ग्रामपंचायतीला हे माहीत होतं, पण लेखी माहीत नव्हतं.

"गान्यासाठी जागा मोजून द्याची? उद्या म्हनतील, भाकरीचा घेर लिवून द्या. बंद कर स्पीकर."

आणि शनिवारी पनवेलच्या एका कंपनीची चाळीस माणसं जेवायला येणार होती. त्यांच्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं, "मासे कुठेही मिळतात हो. आम्हाला नाचायचंय. जमलं तर वर्षभर आमची माणसं तुमच्याकडेच." काशीदच्या वाळूवर एकाला एक लागून अकरा खानावळी. वर्षभराचं गिऱ्हाईक तिथे देवाने खिडकीतून टाकल्यासारखं.

पण ते शनिवारी. गुरुवारी दारावर ही पाटी लागली:

*आज संगीत बंद आहे.*
*समुद्राचा आवाज मोफत.*

स्पीकर बंद झाला आणि तो आजवर नक्की काय काम करत होता ते कळलं. तो स्वयंपाकघर झाकत होता. चार नंबरच्या टेबलावर ठाण्याचं एक कुटुंब पहिला घास घेणार, एवढ्यात पडद्यामागून त्याच्या बायकोचा, मैनाचा, खणखणीत आवाज आला, "अगो, कालचं कालवन नको वाढू त्यांना, ते परवाचं हाय!"

तो टोप मांजरांसाठी बाजूला काढलेला होता. पण हे ठाण्याला पटेना. कुटुंब उठलं. त्यांच्यामागून तीन नंबरही उठला.

*आज संगीतही बंद, बोलणेही बंद.*

"ही पाटी गिऱ्हाइकाला हाय का मना?" मैनाने पडद्यातून डोकं काढून विचारलं. धर्माने पाटी काढली.

दुपारी अमिषा पुस्तक घेऊन आली. तेवढं तिने आणायला नको होतं, पण वाचलेलं सांगितल्याशिवाय तिला जेवण जात नसे. "पप्पा, एक सूट आहे. लग्नात, वरातीत, लग्नाच्या समारंभात गाणी वाजवली तर परवाना लागत नाही."

धर्मा हळूहळू उभा राहिला. "मंग शनवारी आपल्याकडं लगीन."

"कुणाचं?"

"ते बगू. आदी मांडव."

"पप्पा, खरं लग्न असावं लागतं."

"खोटं लगीन कुनी बगितलंय?"

आता, धर्मा हा गावातला मांडवाचा माणूस. कोणाच्याही घरी कार्य असलं की बांबू आणि सुतळी त्याच्याच हातात. शुक्रवारी सकाळी त्याने चार बांबू रोवले, वर झावळ्या टाकल्या, आंब्याचं तोरण बांधलं. डोक्यात कंपनी, साहेब, स्पीकर. हात मात्र आपले सवयीने पुढे चालले होते, आणि त्याच सवयीने त्या हातांनी शेवटी उंबराची फांदी आणली, खांबाला बांधली, हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला.

नारळ फुटल्यावर धर्मा भानावर आला.

उंबर नसता तर तो मांडव म्हणजे सावली होती, कधीही सोडावी. उंबर लागला की लगीन. मग लगीन लागल्याशिवाय मांडव उतरवायचा नाही. लगीन न लावता मांडव उतरवणं आजवर गावात कोणी केलेलं नव्हतं, आणि केलं तर काय होतं हे बघायलाही कोणी तयार नव्हतं.

*॥ शुभविवाह ॥*
*शनिवारी दुपारी. स्पीकरसह.*
*जेवणाचे बिल नेहमीप्रमाणे.*

चार वाजेपर्यंत पदरात तांदूळ घेऊन पंधरा बायका आल्या. उंबर दिसला की आमंत्रण लागत नाही.

"कुनाचं रं लगीन, धर्मा?"

"घरचंच हाय."

पंधरा जणींनी एकाच वेळी अमिषाकडे बघितलं. अमिषाने खोलीची कडी लावली आणि आतून ओरडली, "माझं नाव घेतलंत तर मीच तक्रार करीन!"

मग नीराबाई आली. नीराबाई गावची धवलारीण. धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाऊन लग्न लावणारी, भटजीच्याही आधीची. ती मैनाची सख्खी मावशी, पण चोवीस वर्षं तिने ह्या घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. कारण चोवीस वर्षांपूर्वी धर्मा आणि मैना पळून अलिबागला गेले, कचेरीत सह्या केल्या, दोन हार घातले आणि भेळ खाऊन परत आले. एक धवला नाही, एक ओळ नाही.

ती उंबराखाली बसली. काठी आडवी ठेवली.

"उंबर लावलास. कुनाचं लगीन?"

धर्माने समुद्राकडे बघितलं. समुद्राने काही सुचवलं नाही.

"आमचं," तो म्हणाला. "माझं आन् मैनाचं. तवा रायलेलं."

बायकांत एकदम आनंद उसळला. नीराबाईने चष्मा पुसला. एवढ्यात पडदा बाजूला झाला.

"मी न्हाय करीत," मैना म्हणाली.

"मैना..."

"चोवीस वर्सं मी दुसऱ्यांच्या मांडवात धवला ऐकून येते आन् चुलीपुढं बसते. येका तोंडानं ईचारलंत कदी? आन् आता लगीन करताय, ते कुनासाठी? त्या डब्यासाठी!" तिने स्पीकरकडे पळी रोखली. "त्यालाच बांदा मुंडावल्या."

पडदा पडला.

शनिवार. पनवेलचे चाळीस जण आले, मांडव बघून खूश झाले, फोटो काढू लागले. नीराबाई आणि तिच्या दोघी साथीदारणी तयार. धर्माला बायकांनी सकाळीच हळद लावली होती, कानामागेसुद्धा. आणि एक नंबरच्या टेबलावर एक सडपातळ माणूस एकटाच बसला होता. त्याने गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या आत सरकवलेलं होतं, पण दोरी बाहेर राहिली होती. विनेश त्याचं नाव. त्याने सोलकढी मागवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "गाणी नाही लावत का तुम्ही?"

"लगीन हाय. लगीन असलं की लावतो."

"वा. कुणाचं?"

"माझं."

विनेशने धर्माच्या पांढऱ्या मिशीकडे बघितलं. "आणि नवरी?"

"आत हाय. भाकऱ्या थापतेय."

"नवरी भाकऱ्या थापते?"

"घरगुती हाय ना."

विनेशने खिशातून पेन काढलं. तिकडून कंपनीचे साहेब ओरडले, "अहो ठाकूर, म्यूझिक!" धर्मा आत गेला.

"मैना, चल. चालीस लोकं हायत. तो परवान्याचा साहेबपन आलाय."

"मंग त्या साहेबाशी लावा लगीन."

धर्मा तिच्यासमोर उकिडवा बसला. मैना थापत होती, तव्यावर टाकत होती, पाणी फिरवत होती. तिच्या कपाळावर पिठाचं बोट उठलं होतं. धर्मा उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात स्पीकरची वायर होती, पिनेसकट उपटलेली. त्याने ती परातीच्या कडेला ठेवली.

"न्हाय वाजत आता. चल."

"आन् कंपनी?"

"जाईल."

"आन् साहेब?"

"लिवंल काय लिवाचं ते."

मैनाने वायरीकडे बघितलं, मग त्याच्या पिवळ्या कानांकडे. "तव्यावरची उतरवा," ती म्हणाली. "मी लुगडं बदलून येते."

नीराबाईने सूर लावला. आवाज कापरा होता, पण चोवीस वर्षं साठवलेला होता. कंपनीची माणसं आधी कुजबुजली, मग गप्प झाली. अमिषानेही कडी काढली. विनेश मात्र कामाचा माणूस. गाणं ते गाणं. यादीत आहे की नाही तपासायला हवं. त्याने मोबाइल काढून समोर धरला.

नीराबाई ओळीच्या मध्येच थांबली. सगळा मांडव थांबला.

"काय भरतोस रं त्याच्यात?"

"रेकॉर्ड करतोय, आजी. कुणाच्या मालकीचं गाणं आहे ते बघायचंय."

"मना माझ्या आतीनं दिलं. आतीला तिच्या सासूनं. सासूला कुनी, ते ईचाराचं तर वर जावं लागंल. जातोस?"

"नाही, म्हणजे..."

"मंग तू कुनाला ईचारलंस? परवाना हाय तुज्याकडं?"

हा प्रश्न विनेशने आजवर शेकडो हॉटेलांत विचारला होता. तो ऐकायला असा लागतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्याने बोट फिरवलं. "पुसलं, आजी."

"कचऱ्याच्या फोल्डरमध्ये आहे अजून," अमिषा त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "तिथूनही काढा."

त्याने तिथूनही काढलं. "नुसतं ऐकलं तर चालेल?"

"ऐक की. पन बसून. धवला चालू झाला की लगीन लागंस्तोवर मांडवातनं कुनी उठत न्हाय."

"किती वेळ लागेल?"

"गान्यात आताशी हलद दलतेय मी," नीराबाई म्हणाली आणि पुढची ओळ धरली.

विनेशला त्या दिवशी उरलेल्या दहा खानावळी बघायच्या होत्या. दोनदा तो अर्धवट उठला. दोन्ही वेळा रांगेतल्या म्हाताऱ्यांनी त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. परवान्याचा साहेब ठाकूरांच्या मांडवात अडकलाय, ही बातमी किनाऱ्यावर पसरायला पाच मिनिटं लागली. मग तसल्याच टपालाने गप्प केलेल्या शेजारच्या खानावळीत एक गाणं चालू झालं, तिच्या पलीकडे दुसरं, आणि बघता बघता दहाच्या दहा स्पीकर गळा काढून वाजू लागले. चाळीस पनवेलकरांचे पाय जमिनीवर ठेका धरत होते, पण उठायची कोणाची छाती होईना.

पाटावर मुंडावळ्या बांधून बसलेल्या धर्माची मान आपोआप उजवीकडे, शेजाऱ्याच्या भरलेल्या खुर्च्यांकडे वळली. मैनाचं कोपर बरगडीत बसलं.

"तिकडं काय बगता?" ती म्हणाली. "नवरी हिकडं हाय."