मस्कासाथेहून कळमन्यावर जिपेची स्वारी

श्री. हुजुरांची आज्ञा जाहली की, रुपराव संत्रेवाले यांनी बिनक्लचाची जीप कैसी सिद्ध केली, ते वर्तमान साद्यंत लिहावे. त्यास, घडले तैसे लिहितो. कोणी रागावले तर रागावोत.

शके १९०५, कार्तिक मास. नागपुरी मस्कासाथेत रुपराव, संत्र्यांचे मोठे व्यापारी, लष्करी लिलावातील एका जिपेचे धनी. परंतु झाडावरून पडून त्यांचा डावा गुडघा कायमचा आखडला, क्लच दाबवेना. मग जीप त्यांचे साळे बळीराम हाकू लागले, आणि रुपराव बाजूस पोत्यासारखे बसू लागले, आणि कळमन्याच्या बाजारी अडते बळीरामांसच 'शेठ' म्हणोन सलाम करू लागले, आणि बळीराम तो खुशाल घेऊ लागले. हा घाव गुडघ्याहून थोर. रुपरावांनी पण केला की, आता कळमन्यास जाणे ते स्टिअरिंग आपले हाती धरूनच, नाहीतर जाणेच नाही.

मग नत्थूजी मिस्त्री यांस पाचारण जाहले. हे गृहस्थ हत्यारात उणे, जिभेत भारी. त्यांनी मसलत दिली की, एका कैलासवासी वकिलाची विलायती मोटार भंगारात पडली आहे, तिची पेटी आपोआप गिअर बदलते, क्लच मुळीच नाही, ती हस्तगत करावी. जीप लष्कराची, इंजिन आधीच बदलून टेंपोचे घातलेले, पेटी वकिलाची. तीन घराण्यांची ही सोयरीक, आणि एकाचे भोक दुसऱ्याशी जुळेना. मिस्त्रींनी हलवायाचा तवा कापून मध्ये जोडपट्टी घातली, आणि जे न जुळले ते घणाने जुळविले, आणि तेल गळू लागले त्यास 'नव्या गाडीचा घाम' ऐसे नाव दिले. उसन्या बॅटरीवर चाचणी फत्ते जाहली. मग ज्याची बॅटरी त्याने ती परत नेली. जिपेची स्वतःची बॅटरी मेलेली, परंतु ती बदलावी हे कोणाचे मनातही आले नाही. या मुलुखी शिरस्ता ऐसा की, बॅटरी मेली तर धक्का मारावा. मोहल्ला त्यासाठीच असतो.

सुमुहूर्ती रुपराव खासे स्टिअरिंगवर विराजमान जाहले, शेजारी नत्थूजी. हुकूम सुटला की, धक्का मारणे. हमाल, भाजीवाले, अर्धी दाढी झालेला एक इसम, ऐसी फौज जमली, आणि त्यांत बळीराम, कारण भाऊजींची फजिती जवळून पाहावी. चाके फिरली, इंजिनास खबरच नाही.

तेव्हा नत्थूजी कानाशी लागले. "भाऊ, हे बिनक्लचाची पेटी धक्क्यानं इंजिन धरतच नाही गा. मले आत्ता समजून राहिलं."

रुपरावांनी आरशात पाहिले. मागे बळीराम घामाघूम, टोपी तिरपी, खांदा जिपेस. ऐसे सुख त्यांस कैक वर्षांत लाभले नव्हते. "चूप बस. त्याले काहून सांगतं? ढकलू दे."

आणि मागे फर्मान गेले की, इंजिन धरतच आहे, जोर सोडू नये. ऐसे आशेवर फौज इतवारीतून निघाली, रेल्वेचे फाटक लंघिले, मग निम्मी फौज चहाच्या टपरीवर फितूर जाहली; बळीराम मात्र इरेस पेटले.

"भाऊजी, धरलं का?"

"धरून राहिलं, धरून राहिलं!"

ऐसे करीत जीप कळमन्याच्या दरवाजातून आत आली. अडते धावले, आणि रुपरावांस 'शेठ' म्हणोन लवून सलाम केला, आणि मागे वाकलेल्या, धुळीने तोंड ओळखू न येण्याइतके काळे झालेल्या बळीरामांकडे बोट दाखवून पुसिले, "शेठ, हा हमाल नवा ठेवला का?"

येणेप्रमाणे कळमना सर जाहला. क्लच एकदाही दाबावा लागला नाही. इंजिन एकदाही सुरू जाहले नाही. रुपरावांचा हुकूम की, पहिली गोष्ट तेवढी लिहावी. आम्ही दोन्ही लिहिल्या. लेखन संपूर्ण.