बापूकाकांचा घोट

कुठंही गेलं की आमचे बापूकाका आधी तिथलं पाणी चाखतात. घोट तोंडात घोळवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "जमते," नाहीतर "बेकार!" लग्नघरी नवरदेव नंतर, आधी माठ. पातूरला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर यांनी तिथल्या हापशीचीच तारीफ सुरू केली. सख्खे चुलते, बोलणार काय?

त्यांचं गाव अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, त्यात धड वरण शिजत नाही. काकांनी शेतात तीनदा बोअर मारली, तिन्ही वेळा खारंच लागलं. हे सगळं मान्य. पण म्हणून सहलीचा सत्यानाश करायचा?

यंदा काका-काकूंना कोकणात समुद्र दाखवायला नेलं. अकोल्याहून गाडी निघाल्यापासून प्रत्येक स्टेशनवर हे बाटली घेऊन खाली. दोनदा दंडाला धरून आत ओढले. किनाऱ्यावर पोचलो, तर काकांनी समुद्राचंच पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकले.

"एवढ्या दूर काहून आनलं बे मले? हे तं आपल्या विहिरीतबी हाय!"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता डॉल्फिन बघायला बोट ठरवली होती. कुसुमकाकू नवं पातळ नेसून तयार. पावणेनऊला काका गायब! सगळा किनारा पालथा घातला. शेवटी सापडले आम्ही उतरलो होतो त्याच घराच्या मागं, नारळीखालच्या विहिरीवर.

"काका, बोट सुटते!"

"जाऊ दे बोट. गोड हाय रे! समुद्राच्या काठाले गोड पानी! तुया काकूले बोलाव."

माझं डोकं फिरलं होतं. तरी काकूंना घेऊन आलो. काकांनी स्वतः पोहरा ओढला, तांब्या भरला आणि काकूंच्या हातात दिला.

"तुया बापाले म्या कबूल केलं होतं, पोरीले गोड पानी पाजीन. चाळीस वर्सं झाले, शोधूनच राहिलो."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला माझीच लाज वाटली.

काकूंनी अख्खा तांब्या रिकामा केला. "यात तुरीची दाळ एका शिटीत शिजन," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

बोटवाल्याचा फोन वाजत होता. मी तो बंद केला आणि तांब्यासाठी हात पुढं केला. "मलेबी द्या, काका."

"थांब न बे," काका खेकसले. "आंदी तिले अजून एक."