कवा जासान?

पाहुणा रिक्षातून उतरला, की त्याची चप्पल पायातून सुटायच्या आत आमचे शेजारी दिगूभाऊ वानखडे त्याला विचारतात, "कवा जासान?"

अमरावतीत हे विचारणं म्हणजे जरा जास्तच झालं. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला सहजासहजी निघू देत नाहीत. तो निघाला की कोणीतरी त्याची पिशवी लपवतं. जेवून जा म्हणतात, आणि जेवण झालं की आता एवढ्या उन्हात कुठं जाता म्हणतात. पाहुण्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो आदल्या दिवसापासूनच निघायला लागतो. अशा मुलखात दारातच जायचा दिवस विचारणारा माणूस एकतर कंजूष असणार, नाहीतर भांडखोर. दिगूभाऊ दोन्ही नाहीत. ते जहाजावर होते.

जहाज म्हणजे मालाचं नव्हे. हौशी लोक ज्याच्यावर राहून, खाऊन, नाचून समुद्र फिरतात, त्या क्रूझवर ते केबिन स्टुअर्ड होते. म्हणजे प्रवाशांच्या खोल्या त्यांच्या ताब्यात. अकोल्याजवळच्या ज्या गावात त्यांचा जन्म झाला, तिथं विहीर सोडली तर पोहण्याएवढं पाणी कुठं नव्हतं. मुंबईच्या एका हॉटेलात चादरी बदलता बदलता कोणाच्या तरी ओळखीनं ते जहाजावर चढले, आणि डोक्यावरचे केस गेल्यावरच कायमचे उतरले. वर्षातले बहुतेक महिने पाण्यावर, उरलेले घरी. बायको निर्मलाताई अकोल्यात शाळेवर मास्तरीण. एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली.

उतरल्यावर दिगूभाऊंनी आमच्या कॉलनीत घर बांधलं. अकोला सोडून अमरावतीत का, तर प्लॉट त्यांच्या सासऱ्यांनी निर्मलाताईंच्या नावानं कधीचा घेऊन ठेवला होता. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी आम्हाला घर दाखवलं ते असं: वरची समोरची खोली म्हणजे बाल्कनी केबिन, मागची म्हणजे खिडकीवाली, मधली म्हणजे इनसाइड. जहाजावर म्हणे असंच असतं. ज्याचा खिसा मोठा त्याला बाल्कनी, त्याच्या खालोखाल गोल खिडकी, आणि ज्याला फक्त समुद्रावर जाऊन आलो एवढंच सांगायचं असतं त्याला चारी बाजूंनी भिंत.

"आन तुमी कुठं झोपत होते?" माझ्या बायकोनं विचारलं.

"पान्याच्या खाली," ते म्हणाले. जहाजाचा जो भाग पाण्यात बुडालेला असतो तिथं नोकरांच्या खोल्या. एकावर एक दोन फळ्या, वरच्या फळीवर एक फिलिपिनो, खालच्या फळीवर हे. खिडकीचा प्रश्नच नाही.

यांच्या नव्या घरात जिन्याखाली एक खोली निघाली होती. आमच्याकडे अशा खोलीत झाडू, इन्व्हर्टर आणि गेल्या वर्षीचा कूलर ठेवतात. दिगूभाऊंनी तिथं स्वतःची खाट टाकली. वरची बाल्कनी निर्मलाताईंची, असं त्यांनी तेव्हाच जाहीर करून टाकलं.

दिगूभाऊंकडे राहणं हा एक अनुभव आहे. पाहुणा आला की आधी कवायत. गॅसचा कॉक कुठं, मेन स्विच कुठं, आग लागली तर मागच्या दारानं निघून कुठल्या कडुनिंबाखाली उभं राहायचं, हे सगळं हात करून दाखवतात. त्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नाही. मग मात्र सेवा सुरू होते. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की बिछाना आवरलेला. संध्याकाळी फिरायला गेलात की चादरीचा कोपरा त्रिकोणी दुमडलेला आणि उशीवर एक चॉकलेट. ज्या दिवशी नळाचं पाणी येत नाही त्या दिवसाला ते "सी डे" म्हणतात. जहाज दिवसभर कुठल्याच बंदराला लागत नाही तो सी डे. आमच्याकडे उन्हाळ्यात एक दिवसाआड सी डे असतो.

माझ्या मुलीच्या लग्नात आमचं घर भरून वाहत होतं, तेव्हा अचलपूरचा माझा मेहुणा रात्रीपुरता त्यांच्याकडे पाठवला. मेहुणा म्हणजे मानपानाचा पक्का. "कवा जासान" ऐकून त्याचा चेहरा पडला तो पडलाच. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आला तर चष्मा सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी दिसला. पलंगावर टॉवेलचा घडी घालून केलेला हत्ती बसला होता, सोंडबिंड सगळं व्यवस्थित, आणि त्या हत्तीनं चष्मा लावला होता. जहाजावर पोरंटोरं आणि त्यांच्या आया यावर टाळ्या वाजवतात म्हणे. माझ्या मेहुण्यानं हत्तीच्या सोंडेवरचा चष्मा काढला आणि तो तडक मांडवात निघून गेला.

तिथंही भागलं असतं. पण लग्नाच्या संध्याकाळी तो खोलीवर परतला तर त्याची बॅग भरून, लाल फीत बांधून, दाराबाहेर ठेवलेली. हीसुद्धा जहाजाची रीत. प्रवास संपायच्या आदल्या संध्याकाळी सामानाला रंगीत पट्टी लावून दाराबाहेर ठेवायचं, मग ते आपोआप खाली जातं, सकाळी उतरताना धक्काबुक्की नको. दिगूभाऊंच्या मते ही पाहुणचाराची कमाल होती. मेहुण्याच्या मते त्याला सामान फेकून घराबाहेर काढलं होतं. अचलपूर-परतवाड्याकडच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांत ही गोष्ट पोचलेली आहे, आणि दर वेळी बॅग थोडी आणखी लांब फेकली जाते.

हे सगळं मी हसत सांगतो, आम्ही सगळेच हसायचो. निर्मलाताई मात्र हसत नसत.

त्यांची नोकरी संपायला थोडा काळ होता, म्हणून त्या अकोल्यातच राहत. शनिवारी शाळा सुटली की गाडीनं बडनेऱ्याला उतरायच्या. दिगूभाऊ स्कूटर घेऊन आधीच हजर. बॅग पुढं ठेवता ठेवता विचारायचे, "कवा जाशीन?" त्या म्हणायच्या, "सोमवारी." दर शनिवारी हाच प्रश्न, दर शनिवारी हेच उत्तर. आल्यावर हत्ती, नाहीतर हंस, नाहीतर माकड. चहा वर नेऊन दिलेला. स्वयंपाकघरात पाय ठेवला की, "तू बस, मी हावो ना." त्या बिचाऱ्या बाल्कनीत बसून रस्ता बघायच्या, आणि दिगूभाऊ रात्री जिन्याखाली जाऊन झोपायचे.

खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो सगळ्या कॉलनीला माहीत होता. नोकरी संपल्यावर निर्मलाताई इथं येणार, की अकोल्यातच राहणार? तिथं त्यांची माणसं होती, भाजीवाली होती, इतक्या वर्षांची एकटीची सवय होती. दिगूभाऊंनी हे घर बांधलं होतं ते त्या येतील म्हणून. पण कवा जाशीन हे दर आठवड्याला विचारणाऱ्या माणसानं येशील का हे एकदाही विचारलं नव्हतं.

निर्मलाताई एकदा माझ्या बायकोपाशी बोलल्या. "मी बाल्कनीत आन हे जिन्याखाली. हा संसार हाय का लॉज?"

मग दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. या वेळी निर्मलाताई मोठी बॅग घेऊन आल्या. इतकी मोठी, की स्कूटरवर मावेना आणि रिक्षा करावी लागली. दिगूभाऊंनी विचारलं, "कवा जाशीन?" आणि त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "पाहू."

या "पाहू"नं दिगूभाऊंची झोप उडाली. चादरी कधी बदलायच्या, भाजी किती आणायची, काहीच ठरेना. ज्या खोलीला उतरायचा दिवस नाही अशी खोली त्यांनी कधी सांभाळलीच नव्हती. रविवारी दुपारी आमच्याकडे येऊन मला विचारून गेले, पाहू म्हणजे काय हो? मी माझ्या मेडिकल दुकानाच्या हिशेबाच्या गडबडीत होतो. म्हटलं, पाहू म्हणजे पाहू. ते काहीतरी मनाशी ठरवून गेले. त्यांनी ठरवलं ते असं, की दर वेळेस सोमवार असतो, तर याही वेळेस सोमवारच असणार. संध्याकाळी निर्मलाताई आमच्याकडे फराळाला बसल्या होत्या. परत गेल्या तर बॅग भरून, लाल फीत बांधून, दाराबाहेर.

त्या बॅगेत, मला नंतर बायकोनं सांगितलं, त्यांनी अकोल्याचं अर्धं कपाट आणलं होतं. राहून बघायचं म्हणून.

निर्मलाताईंनी फीतसुद्धा सोडली नाही. सकाळच्या गाडीनं गेल्या. आणि पुढचा शनिवार आला, त्याच्या पुढचा आला, त्या आल्या नाहीत. फोनवर तब्येत बरी आहे म्हणायच्या, शाळेत काम आहे म्हणायच्या. दिगूभाऊ बाल्कनीवाली खोली रोज आवरत होते. ज्यावर कोणी झोपलंच नाही तो बिछाना रोज काढायचे आणि रोज घालायचे. मला त्यांचा राग आला होता. इतका शहाणा माणूस इतका वेडा कसा असू शकतो, असं वाटायचं.

एका दुपारी ते माझ्या मेडिकलमध्ये येऊन स्टुलावर बसले. गिऱ्हाईक नव्हतं. मी सरळच विचारलं, दिगूभाऊ, घरी आलेल्या माणसाला पहिल्याच झटक्यात तुम्ही जायचं काहून विचारता?

त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. मग म्हणाले, "राजेहो, मी जहाजावून घरी यायचो ना, तवा पयलं हेच इचारत सारे. माय इचारे. पोरगी दारातच बिलगे आन इचारे, बाबा, कवा जासान? निर्मला बी तेच इचारे. मले वाटलं, घरी आलेल्या मानसाले असंच इचारतात."

आम्ही सगळे त्यांना जहाजाचा माणूस म्हणून हसत होतो, आणि हा प्रश्न त्यांनी जहाजावर शिकलाच नव्हता. तो त्यांना घरच्या उंबऱ्यावर मिळाला होता, दर खेपेला, चप्पल काढायच्या आत.

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं. ती उठली, तडक शेजारी गेली आणि दिगूभाऊंना म्हणाली, तुम्ही अकोल्याला जा, आणि जे ह्यांना सांगितलं ते तिला सांगा. ते म्हणाले, ती विचारेल कवा जासान, तर काय सांगू? बायको म्हणाली, सांगा पाहू म्हणून.

ते गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, दार उघडलं, मी वाट पाहिली, आणि तिनं काही विचारलंच नाही. या म्हणाली, हात धुवा म्हणाली, जेवायला वाढलं. ताट उचलायला लागलो तर हातातून काढून घेतलं. दुकानात म्हणालात ते सांगितलं का, मी विचारलं. हो म्हणाले. मग ती काय म्हणाली? रडली थोडी. इथं येणार का? ते मान हलवून म्हणाले, ते मी विचारलं नाही.

निर्मलाताईंची नोकरी उन्हाळ्यात संपली. निरोप समारंभ झाला आणि पुढच्या शनिवारी तीच मोठी बॅग घेऊन त्या रिक्षातून उतरल्या. आम्ही नवरा-बायको फाटकापाशीच होतो. उगाच नाही, मुद्दामच. दिगूभाऊंनी बॅग उचलली, खाली ठेवली, परत उचलली. निर्मलाताई थांबल्या. आम्हीही थांबलो.

"आज इचारत नाई?" निर्मलाताई म्हणाल्या.

"नाई."

"काहून?"

"भेव वाटते," दिगूभाऊ म्हणाले.

निर्मलाताई आत गेल्या. वर जाऊन खोली पाहून आल्या. पलंगावर हत्ती नव्हता, टॉवेल साधा खुंटीला लटकत होता. मग त्या जिन्याखालच्या खोलीत शिरल्या. तिथून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या काखेत दिगूभाऊंची उशी होती.

"थे बॅग ठिवा जिन्याखाली," त्या म्हणाल्या. "सामानाले बरी जागा हाय थे."

एवढं बोलून त्या उशी घेऊन वर गेल्या. दिगूभाऊंनी बॅग जिन्याखाली नेऊन ठेवली. तिच्या कडीला दिवाळीतली लाल फीत अजून लटकत होती, ती सोडून त्यांनी खिशात टाकली. आम्हाला म्हणाले, बसा, चहा घेऊन जा, चहा निर्मला करेल. आणि ते जिना चढू लागले. तो जिना त्यांना चहाचा ट्रे, चादरी किंवा कोणाचं तरी सामान घेऊन चढताना मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात रिकामे होते, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.