कडी बघून आणलेली गांडुळं

सासरे येत असल्याची बातमी आली तेव्हा जावई शर्टाला इस्त्री करत होता. फोन ठेवत बायकोने सांगितलं, की बाबा संध्याकाळी येताहेत, आणि आपल्याला नव्हे, गांडुळांना भेटायला येताहेत. इस्त्री शर्टावर जरा जास्तच वेळ थांबली.

गांडुळं मूळची सासूबाईंची. लाकडी खोक्यात राहायची, स्वयंपाकघरातला ओला कचरा खाऊन खत करायची. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी खोकं लेकीकडे सोपवलं आणि देखभाल जावयाने हौसेने अंगावर घेतली. (हौस त्याला नेहमीच महागात पडते.) बिचारी सदा अंधारात, म्हणून रविवारी त्याने खोकं गच्चीत ऊन खायला ठेवलं आणि स्वतः जेवून आडवा झाला. उठून बघतो तो सगळ्यांचा कारभार आटोपलेला. बायकोला त्याने सांगितलं, की ती तळाशी आराम करताहेत.

आता ऑफिसला दांडी मारून त्याने पक्ष्यांच्या खाद्याचं दुकान गाठलं. गांडुळं ओळखायची चिंता नव्हती. सासरे जीवशास्त्राचे शिक्षक. पहिल्याच भेटीत त्यांनी, याने न विचारता, गांडुळांच्या जातकुळीचं शास्त्रीय नाव उलगडून सांगितलं होतं. ॲनेलिडा, म्हणजे लॅटिनमधल्या इवल्याशा कड्यावरून पडलेलं नाव, कारण त्यांच्या अंगभर कडीच कडी. दुकानदाराने दाखवलेल्या अळ्यांनाही अंगभर कडी होती. याने पिशवीभर घेतल्या.

संध्याकाळी सासऱ्यांनी चष्मा पुसला, खोक्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि एक अळी तळहातावर घेतली. ती तुरुतुरु चालू लागली.

“जावईबापू, कडी आहेत खरी. पण पायही आहेत.”

“खत चांगलं मानवलंय, बाबा.”

बायको हसू दाबत आत पळाली.

सासऱ्यांनी अळी परत खोक्यात सोडली. मग हळूच म्हणाले, “आमच्या हिनेही एकदा सगळी मारली होती, उन्हात ठेवून. मला कळू नये म्हणून शेजारणीकडून ओंजळभर आणून टाकली. मी कधी बोललो नाही.”

जावयाच्या जिवात जीव आला. म्हणजे सासूबाईंचा वारसा आपणच चालवतोय तर.

“पण तिने निदान गांडुळं आणली होती,” सासरे म्हणाले. “या अळ्यांचे पुढे भुंगे होतात.”

आतून जेवायची हाक आली. सासरे हसत हसत जावयाच्या खांद्यावर हात टाकून आत गेले, आणि जेवण फारच रंगलं.

खोक्याला झाकण लावायचं तेवढं राहून गेलं.