टोबिनची शोकसभा

आधीच सांगून ठेवतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. वेलांटी पहिली की दुसरी हे मी अंदाजाने ठरवतो आणि अंदाज बहुतेक चुकतो. शब्दही साधेच आहेत. मी नववीत शाळा सोडली आणि मिरकरवाडा बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात लागलो. तिथे लिहावं लागत नाही. बोलावंही फारसं लागत नाही. (म्हणूनच तिथे टिकलो.) तेव्हा चुका दिसतील तिथे माफ करा आणि पुढे चला, कारण गोष्टीतल्या चुका त्याहून मोठ्या आहेत.

मला वाचायचा नाद आहे. शहरातल्या वाचनालयात हमिदा मॅडम म्हणून ग्रंथपाल आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कुठलं पुस्तक मागायचं हेच मला सुचेना. घसा खाकरून मी नुसताच उभा राहिलो. मॅडमनी दया येऊन एक जाडं पुस्तक पुढे केलं. "हे घेऊन जा. तरुण मुलांसाठी आहे. मराठीत आणलंय."

त्या दिवसापासून मी त्याच कपाटात अडकलो. जादूची राज्यं, दुष्ट सरकारं, जळून गेलेली शहरं. आवडतात फार, पण समजतात थोडी. प्रत्येक पुस्तकात जग वाचवायला सोळा वर्षांची मुलगी का लागते? तिची दहावी-बारावी कोण बघतं? (मी सोळाव्या वर्षी ऑइल फिल्टर धूत होतो आणि जगाने माझ्याकडे काहीच मागितलं नाही.) सैन्य दारात आलेलं असताना ही मुलगी 'हा मुलगा की तो मुलगा' यावर तीन प्रकरणं घालवते, आणि कोणाचीही आई तिला हाक मारत नाही. आमच्याकडे असतं तर आईने मध्येच "भात उतरव गो" म्हटलं असतं आणि राज्य बुडालं असतं.

तर त्या कपाटातली 'मिठाची भिंत' ही माझी सगळ्यात लाडकी मालिका. त्यात एक सरकार आहे, जे लोकांना ऊन रेशनवर देतं. कोणी जास्त ऊन घेतलं की शिपाई येऊन घेऊन जातात. त्यात टोबिन नावाचा एक जण आहे. कमी बोलणारा, लोहारकाम करणारा. मला तो माझ्यासारखा वाटायचा. (म्हणजे मी धाडसी, उंच आणि देखणा असतो तर.)

माझी आई, जाईबाई, या वाचनावर खूश नव्हती. त्यातून माझं लग्न ठरायला आलं होतं. देवरूखची रसिका, बी.ए. झालेली, मेडिकलच्या दुकानात कामाला. आम्ही तिला बघून आलो होतो. त्या दिवशी मी एकूण एकच वाक्य बोललो होतो, तेही पंख्याबद्दल. तरी तिच्या घरून निरोप आला, की रविवारी घर बघायला येतो. मला रसिका मनापासून आवडली होती. तिने माझ्या त्या पंख्याच्या वाक्यावर मान डोलावली होती.

शनिवारी दुपारी आईने बजावलं, "अमर, ती पुस्तकं माळ्यावर टाक. सव्वीस वर्षांचा घोडा पोरांच्या गोष्टी वाचतो म्हटल्यावर पोरीचा बापूस काय म्हणेल? आणि मंडळातून खुर्च्या घेऊन ये."

मी ठरवलं, तिसऱ्या भागाचं हे शेवटचं प्रकरण संपवू आणि मग खुर्च्या आणू.

त्या प्रकरणात टोबिन मेला.

सगळी माणसं बाहेर पडेपर्यंत त्याने एकट्याने भिंतीचा दरवाजा धरून ठेवला, आणि मग भिंत त्याच्यावर कोसळली. मी पडवीत बसून हमसाहमशी रडलो. तेवढ्यात आई सुपात आमसुलं घेऊन बाहेर आली. मी पुस्तक चटईखाली सरकवलं.

"काय झाला रे?"

"टोबिन गेला," मी म्हणालो. रडताना माणूस खरंच बोलतो.

"अगो बाय! कसा?"

"दरवाजा धरून ठेवला होता. बाकीचे सुटले. हाच राहिला आत."

आईने सूप खाली ठेवलं. "गॅरेजातला?"

मी मान हलवली. ती 'हो' अशी हलली की 'नाही' अशी, ते माझं मलाच समजलं नाही. आईने हो धरलं.

आमच्या बौद्धवाडीत एक रीत आहे. कोणाच्याही घरचं कोणीही जावो, शोक करणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. हातातलं काम टाकून वाडी येते. मी नाक पुसून उठेपर्यंत पडवी भरली होती. पुढे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, एस.टी.तून रिटायर झालेले दत्ताराम काका. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नाव काय म्हणालास?"

"टोबिन."

"केरळचा असेल," काका सगळ्यांना म्हणाले. "बोटींवर तिकडची पोरं फार. बरं, आईबाप?"

आता 'पुस्तकातला आहे' एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण वीसेक माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. विचारलेल्याचं उत्तर तेवढं मी देऊ शकतो.

"आईला सरकारी माणसांनी नेलं. तो लहान असतानाच."

"आणि बापूस?"

"त्यानेच खबर दिली होती."

"सख्ख्या बापसाने?" मागून कोणीतरी थुंकलं.

"मग मागे कोण?" आईने विचारलं.

"लहान बहीण. लिया. आठ वर्षांची."

"ती खंय हाय आता?"

"डोंगरात लपलीय."

"एकटी?"

"नाही, एक कोल्हा आहे तिच्याबरोबर." (बोलणारा, असं मी म्हणणार होतो. नाही म्हटलं.)

बायांनी तोंडाला पदर लावला. मग आई उसळली. "आठ वर्षांची पोर कोल्ह्याबरोबर डोंगरात, आणि तू हितं बसून रडतोस?"

खरं तर मलाही क्षणभर माझी लाज वाटली.

माझी बहीण करुणा दारात उभी राहून ओढणी तोंडात कोंबत होती. तिला सगळं माहीत होतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. "करू, तू सांग ना त्यांना."

"मी कशाला? तुझा मित्र मेलाय."

"करू!"

"दादा, काका भाषण लिहायला घरी गेलेत. आता सांगितलंस तर ते आजारी पडतील."

शोकसभा रविवारी सकाळी ठरली. आईने देवरूखला फोन करून सांगितलं, की घरात दुःखाचा प्रसंग आहे, पुढच्या आठवड्यात या. तिकडून रसिकाचे वडील म्हणाले, "अशा वेळी नाही यायचं तर कधी यायचं? आम्ही सभेलाच येतो."

आणि आले. वडील, भाऊ अभय आणि पांढऱ्या साडीत रसिका. ज्या खुर्च्या मी आणायला विसरलो होतो, त्या आता सभेसाठी वाडीनेच आणल्या होत्या. मेणबत्ती लागली, त्रिसरण-पंचशील झालं. मी मान वर करेना. लोक म्हणाले, पोराला धक्का बसलाय.

दत्ताराम काका उभे राहिले. "टोबिन यांचा आणि माझा सहवास थोडा," ते म्हणाले, "पण जेवढा लाभला तेवढ्यात एवढं नक्की सांगेन, की ते अत्यंत मनमिळाऊ होते. कधीही भेटा, चेहऱ्यावर हसू."

टोबिन तिन्ही भागांत एकदाही हसलेला नाही. मी काकांकडे बघतच राहिलो. ते इतकं ठाम बोलत होते, की मलाच वाटलं, आपण एखादं पान गाळलं की काय.

तेवढ्यात अभय माझ्या शेजारी येऊन बसला. "मी बाबांना म्हणत होतो, मुलगा फार शिकलेला नाही. पण मित्रासाठी असं रडणारं माणूस आजकाल कुठे आहे? आमच्या ताईलाही तेच वाटलं." त्याच्या पलीकडून रसिका माझ्याकडे बघत होती. इतक्या मऊ नजरेने माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. (इंजिनांनी तर नाहीच.)

सांगावं तर हे बघणं जाणार. न सांगावं तर आयुष्यभर ते बघणं दुसऱ्याच्या मरणावर मिळवलेलं राहणार, आणि तो दुसरा तर कधी जन्मलाच नव्हता. याचं नेमकं पाप किती, ते मला मोजता येईना. मी ठरवलं, गप्प बसू. गप्प बसणं मला जमतं.

मग आई उभी राहिली. तिच्या हातात करुणाचे जुने फ्रॉक होते. वर्षानुवर्षं संदुकीत ठेवलेल्या कपड्यांचा वास सगळीकडे पसरला.

"मला भाषण येत नाय," ती म्हणाली. "मंडळाने गाडी करावी आणि त्या पोरीला आणावी. मी सांभाळीन. दोघांना वाढवलं, ही तिसरी." मग ती रसिकाच्या वडिलांकडे वळली. "पाहुणे, तुम्हाला आधीच सांगते, मागाहून फसवलं म्हणू नका. ह्या घरात एक पोर येणार. तुमच्या मुलीला चालत असेल तर पुढे बोलू, नायतर चहा घेऊन जा, राग नाय."

वडील रसिकाकडे बघायला लागले. रसिका म्हणाली, "चालेल."

एवढाच शब्द. आणि मी कसा उठलो ते मला माहीत नाही.

"नको!" मी ओरडलो. "गाडी नको. ती... तो... ते सगळं पुस्तकातलं आहे."

कोणाला काही समजलं नाही. मी चटई उचलली, पुस्तक काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. मुखपृष्ठावर टोबिन होता, हातात घण घेऊन. मेणबत्तीच्या उजेडात तो खरंच स्वर्गवासी दिसत होता.

मग दत्ताराम काका कापऱ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मी आता मनमिळाऊ कोणाला म्हटलं?"

करुणाला हसू फुटलं. तिच्यामागे बायांनाही फुटलं. अभयने कपाळाला हात लावला. मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती फ्रॉक छातीशी धरून उभी होती.

"म्हणजे ती पोर नाय?"

"नाही आई."

"पण डोंगरात हाय ना?"

"हो. पुस्तकात आहे."

"आणि भाऊ मेल्याचं तिला कळलं काय?"

"अजून नाही."

आई खाली बसली. "मग सांग पुढचं. पहिल्यापासून सांग. उभा काय राहिलास?"

मी सांगितलं. भिंतीपासून, उन्हाच्या रेशनपासून. पहिल्यांदा अडखळलो, मग विसरलो की माणसं बसली आहेत. आयुष्यात एवढं बोललो नव्हतो. रेशनचा भाग आला तसे काका मध्येच म्हणाले, "कार्ड पिवळं की केशरी?" टोबिनचा बाप खबर द्यायला निघाला तेव्हा बायांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भिंत कोसळली तेव्हा रसिकाच्या वडिलांनी चष्मा पुसला आणि "धूळ आहे इथे" असं म्हणाले. आमच्या पडवीत धूळ नव्हती, आईने शनिवारी सकाळीच सारवलं होतं.

चहा झाला, पोहे झाले. काकांनी सभा संपल्याचं जाहीर केलं आणि जाता जाता माझ्या कानात म्हणाले, "माझं भाषण तरी खरं वाटलं ना?" पाहुणे निघाले. लग्नाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. रसिका गाडीत बसली ती सरळ समोर बघत. आई म्हणाली, "गेलं. आता टोबिनशीच लग्न कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजला निघालो होतो, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी रसिका बोलतेय."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"कालचं मला वाईट नाही वाटलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगून टाकलंत ते बरं केलंत. आणि सांगता छान. पण एक अडचण झालीय."

"काय?"

"रात्रभर टोबिनच डोक्यात आहे. नवरा असा हवा, असं वाटायला लागलंय."

"तो मेला," मी घाईने म्हणालो.

"ते झालं. पण अशा पुस्तकांत मेलेली माणसं पुढच्या भागात उठतात म्हणे. तुम्ही जरा बघून सांगा. नाही उठला, तर माझा होकार आहे. उठला, तर मला विचार करावा लागेल."

फोन ठेवताना पलीकडे कोणीतरी खुदकन हसल्यासारखं वाटलं. ती चेष्टा करत होती की खरं बोलत होती, ते मी वाचनालयापर्यंत चालत जाताना ठरवत होतो, आणि अजूनही ठरलेलं नाही. ज्या माणसासाठी मी आदल्या दिवशी वाडी गोळा केली, तो मेलेलाच राहावा म्हणून मी वाटभर मनातल्या मनात प्रार्थना केली. हमिदा मॅडम कुलूप काढत होत्या. मी त्यांच्याही आधी आत शिरलो आणि चौथा भाग काढला.

पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत, टोबिन ढिगाऱ्यातून उठून कपडे झटकत होता.

खोटं बोलायचं नाही एवढं कालपासून ठरवलं होतं. मी रसिकाला मेसेज केला, "उठला."

तिचं उत्तर लगेच आलं, "अगं बाई! मग त्याला घेऊन या."

गॅरेजला सुट्टी सांगितली, पुस्तक पिशवीत घातलं, पुन्हा काढलं, कव्हर पुसलं आणि स्टँडवर जाऊन देवरूखची गाडी पकडली. गाडी सुटल्यावर कंडक्टर आला. "देवरूख? किती?"

मी मांडीवरच्या टोबिनकडे बघितलं, आणि एक सांगावं की दोन, ते मला समजेना.