दोन सूत जागा

जी बाई बत्तीस वर्षं शिवणाच्या मशीनवर बसली, जिने अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले आणि जिची शिवण एकदाही वाकडी गेली नाही, तिला भिंतीला टाईल्स लावता येणार नाहीत का? येतील! डोळे मिटून येतील! असं मी मंगळवारी सकाळी सुनेला ठणकावून सांगितलं. त्यातलं 'डोळे मिटून' तेवढं म्हणायला नको होतं. पुढे ज्याने ज्याने ती भिंत पाहिली, त्याला ते खरंच वाटलं.

त्याचं झालं असं. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शनिवारी घरी सोडायचं ठरलं. आता वाकायचं नाही, बादलीतून पाणी उपसायचं नाही. म्हणून मुलाने जुनी मोरी फोडली आणि खुर्चीवर बसून शॉवरखाली आंघोळ करता येईल असं नवीन बाथरूम करायला घेतलं. आणि आंघोळ म्हणजे ह्यांचा जीव की प्राण! दिवसातून दोनदा, तीही टाकी रिकामी होईपर्यंत. दवाखान्यातून रोज फोन यायचा.

"गुडघ्याचं राहू दे गं! माझ्या अंगाला वास येतोय. शेजारच्या खाटेवरच्याने तोंड तिकडे फिरवलंय!"

"शनिवारी घरी या. आल्या आल्या आंघोळ. माझा शब्द!"

शब्द मी दिला आणि दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीची कंबर गेली. तीन भिंती त्याने छान लावल्या होत्या. चौथी, नेमकी शॉवरची, राहिली. टाईल्सची पेटी उचलायला वाकला तो वाकलाच. त्याला तसाच, कंसासारखा, रिक्षात घातला.

मी फोन केला. "अरे, येतोस कधी?"

"आठ दिवस तरी नाही हो काकू. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय."

"आठ दिवस? दुसऱ्या बाळंतपणानंतर मी पाचव्या दिवशी मशीनवर होते!"

"मग तुम्हीच लावा की!"

तो चिडून बोलला. मी मनावर घेतलं.

सून कामावर गेली. मुलगा दवाखान्यात. मी पदर खोचला, टाईल्स पाण्यात भिजत टाकल्या, चिकटवायची पावडर भज्याच्या पिठासारखी... नाही, जरा घट्टच कालवली आणि पुन्हा फोन लावला.

"मिस्त्री, सगळं तयार आहे. पुढे सांग."

"खरंच लावताय? बरं. खालून सुरुवात करा. आणि दोन टाईल्सच्या मधे दोन सूत जागा सोडा."

"दोन सूत?"

"दोन सूत."

आता मला सांगा, सुताबद्दल मला कोणी शिकवायचं? माझ्या डब्यात साठ रिळं! पण काम परक्याचं, विचारलेलं बरं.

"कुठलं सूत घेऊ?"

"सूत म्हणजे सूत, काकू! त्यात कुठलं काय?"

"आणि रंग?"

"तुमच्या आवडीचा. पांढरा शोभून दिसतो."

"मग नंतर ते ओढून काढायचं का?"

"जागा कशी ओढून काढाल? राहू द्या तशीच. वरून सांध्यांत पांढरी पावडर भरायची, झालं!"

इतकं स्पष्ट सांगितल्यावर आणखी काय विचारायचं? मी डबा आणला. पांढऱ्या रिळाचे दोन दोरे काढले, टाईल लावली, कडेला दोरे ठेवले, दुसरी टाईल दाबली. केसाएवढी फट! मला वाटलं, वा, काय सफाई आहे! माझीच पाठ थोपटायला हात मागे नेला तर पदराला सगळा मसाला.

पण दुसऱ्या ओळीला दोरे सुळकन निसटायला लागले. मग भरतकामाचं जाड सूत घेतलं. ते तिसऱ्या ओळीच्या मध्यावर संपलं. मग सुतळी घेतली. सुतळी म्हणजे तरी काय, सुताची धाकटी बहीण! आणि ती संपल्यावर ह्यांचा तपकिरी स्वेटर उसवला. त्याची लोकर चांगली गुबगुबीत. दोन पदर लावले की मधून करंगळी जाईल.

तर भिंत अशी झाली: खाली टाईल्स गर्दीत कोंबल्यासारख्या, मधे जरा ऐसपैस, आणि वर एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या लांब लांब.

एवढ्यावर भागलं असतं. पण शॉवरच्या पाईपसाठी एका टाईलला मिस्त्रीने आधीच भोक पाडून ठेवलं होतं. ती लावायला गेले तर पाईप खाली आणि भोक चार बोटं वर! पाईप काही माझ्यासाठी उंच होईना. शेवटी तिथल्या दोन टाईल्स बाजूला सरकवल्या आणि पाईपला मधून वाट करून दिली. तिथे पंजा मावेल एवढी जागा राहिली. राहू दे! पाईपलाही मोकळं वाटायला नको का?

गुरुवारी सांधे भरले. लोकरीची टोकं बाहेर आली होती, मांजराच्या मिशांसारखी. ती कात्रीने कापली. संध्याकाळी सून आली आणि दारात उभी राहून भिंत वरून खाली, खालून वर बघायला लागली.

"कशी वाटते?"

"आई... ही मुद्दाम अशी केलीय?"

"मग काय चुकून? डिझाईन आहे ते! तुमच्या मोबाईलवर दाखवतात ना, एकसारखं नको, वेगळं हवं!"

"आणि हे तपकिरी केस?"

"नक्षी!"

तिने फोटो काढला आणि मिस्त्रीला पाठवला. आमची सून बोलत नाही, पाठवते.

शनिवारी सकाळी दारात मिस्त्री. कमरेला हातभर रुंद पट्टा, एक हात भिंतीवर.

"झोपून राहायला सांगितलं होतं ना रे तुला?"

"फोटोवर विश्वास बसेना, काकू."

तो बाथरूममध्ये गेला. भिंतीकडे पाहिलं. खाली पाहिलं, वर पाहिलं, पाईपजवळच्या जागेत चारही बोटं घालून पाहिली. मग एक लोकरीचं टोक चिमटीत धरून हळूच ओढलं. ते येतच राहिलं!

"हे काय आहे?"

"दोन सूत. तूच म्हणालास."

"अहो काकू!" त्याचा आवाज चिरकला. "सूत म्हणजे माप! आमच्या कामात इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक म्हणजे सूत! दोन सूत म्हणजे पाव इंच!"

"मग पाव इंच म्हणायला तुझी जीभ झिजत होती का?"

तो हसला. म्हणजे आधी खुदकन, मग खो खो, मग भिंतीला टेकून, आणि मग एकदम "आई गं!" म्हणून जागच्या जागी थिजला. कंबर पुन्हा गेली! ना पुढे, ना मागे. मी आणि सुनेने मिळून त्याला ह्यांच्यासाठी आणलेल्या आंघोळीच्या खुर्चीत कसाबसा बसवला. कण्हत होता आणि हसतही होता. मेला!

तेवढ्यात दारात गाडी वाजली.

मुलाने धरून ह्यांना आत आणलं. वॉकर टकटक करत थेट बाथरूमकडे! ना घराकडे बघणं, ना माझ्याकडे. खांद्यावर टॉवेल गाडीतूनच टाकून आलेले.

"हा कोण माझ्या खुर्चीत?"

"मिस्त्री," मी म्हटलं. "उठता येत नाही त्याला."

"आणि मला उभं राहवत नाही! आता?"

मग ह्यांची नजर भिंतीवर गेली. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कामाला नाव ठेवायची ह्यांची हिंमत झाली नव्हती, पण आंघोळ न झालेला माणूस काय बोलेल याचा नेम नाही. ह्यांनी एक हात पुढे केला, तोल सावरायला वरच्या रुंद फटीत बोटं घातली आणि म्हणाले,

"हे बरं केलंस. धरायला सोय झाली."

"तेच तर!" मी लगेच. "त्यासाठीच ठेवलंय!"

मिस्त्रीकडे मी असं काही बघितलं की, बोल आता! आणि तेवढ्यात टाईल सुटली. अख्खीच्या अख्खी ह्यांच्या हातात आली. वॉकर होता आणि मागून मुलाने धरलं होतं म्हणून बरं. ती टाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून हे उभे, बक्षीस मिळाल्यासारखे.

"बाकीची खुर्चीत बसून काढू का?" ह्यांनी विचारलं.

"काही काढायचं नाही!" मी ओरडले. "मिस्त्रीला उचला, ह्यांना बसवा, पाणी सोडा! मी शब्द दिलाय! आत्ताच्या आत्ता आंघोळ होणार!"

"आई," सून दवाखान्याचा कागद हातात घेऊन मागे उभी होती. "टाके निघेपर्यंत पंधरा दिवस बाबांच्या पायाला पाणी लावायचं नाहीये. ओल्या फडक्याने अंग पुसायचं फक्त."

मिस्त्रीसुद्धा कण्हायचा थांबला. पंधरा दिवस! तोवर त्याची कंबर दोनदा बरी झाली असती!

"अगं, मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"बुधवारी सांगायला आले होते, आई. तुम्ही दाराला आतून कडी घातली होती. म्हणालात, ज्यांना टाईल्समधलं काही कळत नाही त्यांनी बाहेरून बोलू नये."

म्हणाले असेन. मला आठवत नाही.