उत्तरी बेटांची एकुलती एक विद्यार्थिनी

ठकीने यादीतल्या एका प्रदेशावर बोट ठेवलं आणि ते पडलं दुसऱ्यावरच. चूक बोटाची की फोनच्या तडकलेल्या काचेची, देव जाणे. परदेशातल्या त्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी एक प्रदेश निवडावा लागे. मग तीन वर्षं त्याच प्रदेशाचा इतिहास, राजकारण नि भाषा. ठकीला हवा होता तो बाजारपेठांचा, वकिलातींचा आणि नोकऱ्यांचा प्रदेश. त्याच्या बरोबर खालची ओळ होती ‘उत्तरी बेटं’. तिथे माणसं कमी आणि मेंढ्या जास्त. घरी तिला लाडाने ठकी म्हणत. परदेशात पाऊल टाकलं आणि ठकीच ठकली.

हे तिला कळलं पहिल्या तासाला. वर्ग कसला, जिन्याखालची चिंचोळी खोली. आत एक वयस्कर प्राध्यापक स्वतःच्या रुमालाने भिंतीवरचा नकाशा पुसत होते. खुर्च्या तीन.

“एक तुझी, एक माझी,” ते म्हणाले, “आणि एक, कुणी उशिरा आलंच तर.”

“सर, मला जरा सांगायचं होतं...”

“आधी बस तरी! चार वर्षांत या खोलीत कुणी फिरकलं नाही. ऑफिसातल्या कारकूनबाईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, थट्टा करताहेत. मग तुझा अर्ज पाहिला. मुलगी सातासमुद्रापलीकडची, आणि तिला हवीत आमची बेटं!”

ठकीने आवंढा गिळला. त्याबरोबर वाक्यही गिळलं गेलं.

“अगं, मग सांगून टाक की!” आई फोनवर म्हणाली. “तोंडाला कुलूप लागलंय का?”

“त्यांनी रुमालाने नकाशा पुसला गं आई. आणि मग तोच रुमाल घडी घालून खिशात ठेवला.”

आईचा आवाज एकदम मऊ झाला. “बरं, पुढच्या आठवड्यात सांग.”

पुढच्या आठवड्यात सरांना खोकला झाला होता, तरी गळ्याला मफलर गुंडाळून ते आले. खोकणाऱ्या माणसाला काय सांगायचं? त्याच्या पुढच्या आठवड्यात ग्रंथालयाने खास ठकीसाठी बेटांच्या भाषेचा जाडजूड कोश मागवला. मग सरांनी दारावरची पाटी नव्याने रंगवून घेतली. दर रविवारी आई विचारायची, “सांगितलंस?” ठकी “नाही” म्हणाली की आई लगेच, “बरं, खोकला कसा आहे त्यांचा?”

त्यात एक नवीनच भानगड झाली. शेजारशेजारच्या दोन बेटांमध्ये एका दीपगृहावरून अकरा वर्षं अबोला होता, असं सर शिकवत होते. दिवा एकाचा, उजेड पडायचा दुसऱ्याच्या समुद्रात. तेलाचा खर्च कुणी करायचा?

“मग मिटलं कसं, सर?” ठकीच्या तोंडून निघून गेलं.

“ते पुढच्या आठवड्यात,” सर म्हणाले, आणि आठवडाभर ठकीला चैन पडेना.

शेवटी कारकूनबाईंनीच तिला गाठलं. “पहिल्या आठवड्यात प्रदेश बदलता येतो का विचारत होतीस ना? सोमवारी शेवटची तारीख. हा फॉर्म. तुझी सही, सरांची सही. पेनाने हं, पेन्सिल चालणार नाही.”

नेमकं शनिवारी सरांनी तिला घरी चहाला बोलावलं. ठकीने फॉर्म पर्समध्ये घातला, मनाचा हिय्या केला आणि बेल वाजवली.

दार उघडलं आणि ती बघतच राहिली. घरभर खोकी! खोक्यांवर खोकी, छताला टेकलेली. बसायलाही खोकीच. सरांची बायको चहा घेऊन आली. दोन कपांत दोघांचा आणि पीठ मोजायच्या मापात स्वतःचा.

“हे दोन सोडून कप सगळे बांधलेत,” बाई म्हणाल्या. “आम्ही समुद्राकाठी राहायला निघालो होतो ना. हे निवृत्त होणार होते. ट्रक ठरला, किल्ल्या द्यायच्या बाकी होत्या, आणि तुझा अर्ज आला.”

“अगं, तिला कशाला सांगतेस...” सर कासावीस झाले.

“सांगू नको तर काय करू? हे म्हणाले, एवढ्या लांबून पोर आलीय, तिला तोंडघशी कसं पाडायचं? तीन महिने झाले, मी मापातून चहा पितेय!”

ठकीच्या घशात चहा अडकला. ठसका थांबला, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना. मग बोट, तडकलेली काच, रुमाल, खोकला, पाटी, सगळं तिने एका दमात ओकून टाकलं.

सरांनी हातातला कप खोक्यावर ठेवला.

“म्हणजे तू माझ्यासाठी थांबलीस?” सरांनी विचारलं.

“आणि तुम्ही माझ्यासाठी?”

“आणि मी तुम्हां दोन शहाण्यांसाठी!” बाई म्हणाल्या, आणि तिघंही खोकी हलेपर्यंत हसली.

सरांनी फॉर्म मागून घेतला. “आण, सही करतो. मोकळी हो बाळा.” पण ठकीचं पेन ऐनवेळी कोरडं पडलं, आणि घरातली सगळी पेनं खोक्यांत. तेव्हा शोधाशोध सुरू झाली. सरांनी एक खोकं उघडलं, बाईंनी दुसरं, ठकीने तिसरं. तिसऱ्यात निघाली दीपगृहाच्या तंट्यातली मूळ पत्रं.

“सर, यात ‘तुमचा दिवा’ असं लिहिलंय, आणि मग ‘तुमचा’ खोडून ‘आपला’ केलंय!”

“कुठे? अरेच्चा! हे माझ्याही नजरेतून निसटलं होतं. थांब, नकाशा काढ. निळ्या खोक्यात बघ.”

तासाभरात जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. नकाशे पसरले, कोश उघडले. गुडघे टेकून दोघं पत्रांवर वाकली होती, आणि फॉर्म कुठल्याशा बेटाखाली दडपला गेला होता.

“सापडलं का गं पेन?” मान वर न करता सरांनी विचारलं.

पेन पहिल्या पाच मिनिटांतच बाईंना सापडलं होतं. त्यांनी त्या दोन वाकलेल्या पाठींकडे पाहिलं, पेन हळूच खिशात टाकलं आणि कपांचं खोकं पुढे ओढून त्याची दोरी सोडायला घेतली.

“नाही बाई,” त्या म्हणाल्या. “आणि घाई कसली आहे? समुद्र काय तीन वर्षांत आटतोय थोडाच!”